पाचव्या दिवशीचा गुडघा

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात, दहा दिवसांच्या शिबिरात, पहाटे चार वाजता घंटा होते. पहिल्या दिवशी तिच्या आवाजाने दचकून जाग येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घंटेच्या आधीच डोळे उघडलेले असतात. फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं पहिल्याच संध्याकाळी जमा केलेलं. कुणाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. याला तिथे ‘आर्य मौन’ म्हणतात. पहिले तीन दिवस काम एकच: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचासुद्धा नाही. हे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत क्रमाने लक्ष फिरवत अंगावरच्या संवेदना पाहायच्या. आणि मग येतं अधिष्ठान. दिवसातून तीनदा, तास-तासभर, डोळे उघडायचे नाहीत आणि हातापायांची हालचाल करायची नाही.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचची बैठक होती. बाहेर इगतपुरीचा पाऊस कोसळत होता. वीस-पंचवीस मिनिटं बरी गेली आणि मग उजवा गुडघा बोलू लागला. आधी नुसती रग, मग ठणका, मग असं वाटायला लागलं की आत कुणी तापलेली खुंटी ठोकतंय. पाय पसरावा, एवढाच एक विचार डोक्यात उरला. पाय हलवायचा नाही हे ठरलेलं, म्हणून नाइलाजाने त्या दुखण्याकडेच पाहत बसलो. तेव्हा कळलं की ते एकसंध नव्हतंच. वाटीच्या डाव्या कडेला ऊब होती, मागच्या शिरेत ताण होता, मधेच टोचत होतं आणि दोन टोचण्यांमध्ये क्षणभर काहीही नव्हतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझा जबडा घट्ट आवळलेला होता, खांदे कानांपर्यंत चढले होते. गुडघ्याशी त्यांचा काय संबंध? पण दुखण्याशी भांडण चाललं होतं ते तिथे. जबडा सैल सोडला. गुडघा दुखतच राहिला, पण त्याचा त्रास निम्म्यावर आला. बैठक संपली, उठून उभा राहिलो, आणि दोन मिनिटांत गुडघ्यात काहीच नव्हतं.

(ज्यांच्या गुडघ्याला खरी इजा आहे, ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी खुर्चीवर बसावं. केंद्रात खुर्ची मिळते आणि खुर्चीवरची साधना कमी दर्जाची नसते.)

ध्यानाच्या फायद्यांबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं की ऐकणाऱ्याला ध्यान म्हणजे मन शांत करण्याचं औषध वाटतं. मग माणूस बसतो, मन शांत होत नाही, आठवड्यात तो नाद सोडतो. मला सांगायचं आहे ते एवढंच: मन शांत होणं हा ध्यानाचा मुख्य फायदाच नव्हे. जे जाणवतं आणि त्यावर आपण जे करतो, या दोहोंत एक जागा असते. ती जागा ओळखू येणं, हा खरा फायदा. शरीराला जे लाभ होतात, त्यांतले बरेचसे याच जागेतून येतात.

संयुत्त निकायात बुद्धांचा दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्याच्या दुःखाने माणूस तळमळतो, रडतो, चिडतो, हा दुसरा बाण. पहिला कुणालाच चुकत नाही, दुसरा चुकवता येतो. आधुनिक वेदनाशास्त्रही वेदनेचे असेच पदर वेगळे काढतं: वेदना किती तीव्र आहे हा एक, आणि ती किती नकोशी वाटते हा दुसरा. २०११ साली अमेरिकेत फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी पंधरा जणांना फक्त चार दिवस, रोज वीस मिनिटं श्वासावरचं ध्यान शिकवलं आणि त्यांच्या पोटरीला ४९ अंश सेल्सिअसचा चटका देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. ध्यान करताना चटक्याची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी वाटली, नकोसेपणा मात्र ५७ टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण हे आकडे वाचले तेव्हा मला माझा जबडा आठवला.

ज्यांनी धम्मगिरीचं केंद्र उभं केलं, त्या सत्यनारायण गोयंका यांची गोष्टही वेदनेपासूनच सुरू होते. १९२४ साली मंडालेत, ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या मारवाडी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच मोठा उद्योग उभा केला आणि त्याच सुमारास अर्धशिशीने गाठलं. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे आणि आता याचंच व्यसन लागणार ही धास्ती. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडचे डॉक्टर झाले. शेवटी एका मित्राच्या सांगण्यावरून ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल, कचेरी सांभाळून ध्यान शिकवणारे गृहस्थ. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असंच त्यांचं म्हणणं पडलं. चित्त शुद्ध करायला या, दुखणं गेलंच तर ते ओघाने जाईल. गोयंकांची अर्धशिशी गेली. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. आजही तिथे शिकण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं.

याच ब्रह्मदेशी परंपरेचा एक धागा अमेरिकेतही पोचला. जॉन कबाट-झिन हे मुळात रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक. १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, ज्यांच्या जुनाट दुखण्यापुढे औषधांनी हात टेकले होते. त्यातला ‘बॉडी स्कॅन’, म्हणजे अंगभर लक्ष फिरवणं, धम्मगिरीवर बसलेल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. धर्माचे शब्द काढून घेतल्यामुळे तो दवाखान्यात शिरला आणि संशोधकांना मोजमाप करता येईल असा एक ठरीव साचा मिळाला. ध्यानावरच्या अभ्यासांचा मोठा हिस्सा याच कार्यक्रमावर झालेला आहे.

श्वासाची गोष्ट त्याहून सोपी आणि मला जास्त जवळची. माझी आई रोज दिवेलागणीनंतर तुळशीची माळ घेऊन बसायची. ओठ हलायचे, आवाज नाही. ती याला ध्यान म्हणत नव्हती. ‘जप झाला का’ एवढंच आमच्या घरात विचारलं जाई. २००१ साली इटलीतले हृदयविज्ञानाचे संशोधक लुचियानो बर्नार्दी यांनी तेवीस निरोगी लोकांना एकदा ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. एरवी आपण बारा ते वीस श्वास घेतो. सहा या आकड्यात जादू नाही, शरीराची एक लय आहे. रक्तदाब साधारण दहा-दहा सेकंदांच्या लाटांनी थोडा वर-खाली होत असतो. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात आणि मानेतल्या धमन्यांमधली दाब ओळखणारी यंत्रणा अधिक तल्लख होते. श्वास सोडताना व्हेगस ही लांबलचक चेतातंतूंची जुडी हृदयाला हळू चालायला सांगते, म्हणून उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. आता मनगटावर बोट ठेवून पाहा, दोन मिनिटांत कळेल. बर्नार्दींच्या प्रयोगात प्रार्थना कोणत्या धर्माची हे हृदयाला महत्त्वाचं नव्हतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

रक्तदाबाला ध्यानाने थोडा उतार पडतो, एवढं म्हणता येईल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून मत दिलं, ते सावध आहे: नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यान करायला हरकत नाही. जोड म्हणून. ध्यानाला बसलो म्हणून बीपीची गोळी बंद करणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे की गोळी चालू ठेवा, डॉक्टरांना दाखवत राहा, डोस कमी करायचा तर तो त्यांनी करायचा.

मनाच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. २०१४ साली ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजार रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना या तिन्हींत ध्यानाचा फायदा दिसला, लहान ते मध्यम प्रमाणात. औषध किंवा व्यायामापेक्षा ते वरचढ आहे असं मात्र दिसलं नाही. २०२२ मध्ये चिंतेचा विकार असलेल्या २७६ जणांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना एसिटालोप्रॅम हे रुळलेलं औषध दिलं, निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखीच उतरली होती. वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटते, ती अशी की ध्यानाच्या गटाला घरी रोज पाऊण तास बसायला सांगितलं होतं. औषधाच्या तोडीचा परिणाम हवा तर मेहनतही तशीच लागते.

मेंदूबद्दल बरीच घाई झालेली आहे. २००५ साली सेरा लाझार यांनी दीर्घकाळ ध्यान करणाऱ्या वीस जणांचे मेंदू पाहिले. काही भागांत मेंदूचं बाहेरचं आवरण जाड दिसलं. तेव्हापासून ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ हे वाक्य सगळीकडे फिरतंय. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक लोकांवर काळजीपूर्वक तपासलं, तेव्हा आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाने मेंदूच्या रचनेत फरक पडलेला आढळला नाही. याने मी खट्टू झालो नाही. वर्षानुवर्षांची साधना आणि आठ आठवडे ही तुलना मुळातच चुकीची आहे. आणि आवरणाची जाडी वाढावी म्हणून कोण बसतं? बायकोवर ओरडायच्या आधी क्षणभर थांबता यावं म्हणून माणूस बसतो.

त्या क्षणभराचं मोल कळायला दिल्लीच्या तिहार तुरुंगाकडे पाहावं. किरण बेदी तुरुंगाच्या प्रमुख असताना, १९९४ च्या एप्रिलमध्ये, हजाराहून जास्त कैदी तिथे एकाच दहा दिवसांच्या शिबिराला बसले. ज्यांच्या आयुष्याचा निकाल रागाच्या एका झटक्याने लागला, अशी माणसं त्यांत होती. राग येण्याआधी छातीत काहीतरी चढतं, कानशिलं तापतात, श्वास तोकडा होतो. ती चढती ऊब जाणवू लागली की हात उचलण्याआधी एक वाव मिळतो. महाराष्ट्रातल्या शाळांमधून ‘मित्र’ उपक्रमात मुलांना दहा मिनिटांचं आनापान शिकवतात, तेही याच कारणासाठी मला मोलाचं वाटतं.

ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२० साली ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं, बहुतेक चिंता किंवा उदासी वाढल्याचा. तीव्र नैराश्य, भ्रम होणारे आजार, मनावर बसलेला ताजा मोठा आघात, अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग दहा दिवसांचं मौन. शिबिराच्या अर्जात आजारांची माहिती विचारतात, ती लपवू नये.

आणि नियमितपणा. शिबिरातून परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं गोयंकांचं सांगणं. लोकल पकडणाऱ्याला ते जड जातं. मी स्वतः पहाटे अर्धा तास बसतो, संध्याकाळी जमलं तर. त्या अर्ध्या तासात शेजारचा कुकर चार शिट्ट्या करतो, घंटागाडी गाणं वाजवत येते, आज ओला कचरा खाली ठेवला का हा विचार येतो. मन श्वासावरून किती वेळा सुटतं ते मोजत नाही. सुटलं हे कळतं आणि ते परत येतं, ही एक उठाबशी. अर्ध्या तासात अशा शंभर होतात. मन सुटलंच नसतं तर सराव कशाचा झाला असता? म्हणून ‘माझं मन लागत नाही, मला ध्यान जमत नाही’ असं कुणी म्हणालं की मला वाटतं, ज्याच्यासाठी बसायचं तेच यांना दिसायला लागलंय, आणि नेमके आत्ता हे उठतायत.

दोन वर्षांपूर्वी आईला रुग्णालयात ठेवलं होतं. वय झालेलं, शिरा हाताला लागत नव्हत्या. नर्सताईंनी एका हातावर दोनदा, दुसऱ्या हातावर दोनदा सुई टोचून पाहिली. मी पलंगाच्या कडेला उभा, माझ्याच मुठी आवळलेल्या. आईने डोळे मिटले होते. माळ घरी राहिली होती, तरी मोकळ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला सात.

पाचव्या वेळी शीर सापडली, सलाइन लागलं. आईने डोळे उघडले, माझ्या मुठींकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाळा, चहा कधी देतात रे इथे?”