ई-स्कूटर, ई-रिक्षा दुरुस्त करताय? चावी बंद असली तरी बॅटरी जिवंतच असते!

ई-स्कूटर आणि ई-रिक्षा आता गावोगावी दिसतात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र बहुतेक वेळा लांब, जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळं किरकोळ बिघाड झाला की गाडी जाते ती चौकातल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये. तिथला फिटर पेट्रोल गाडीत तरबेज असतो, पण या गाडीतला धोका वेगळा आहे. पेट्रोल गळलं तर वास येतो. करंटला ना वास, ना आवाज.

करंट किती असतो?

ई-रिक्षात साधारणपणे 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून 48 व्होल्ट होतात. स्कूटरमध्ये 48, 60 किंवा 72 व्होल्टची लिथियम बॅटरी असते. 72 व्होल्टची बॅटरी फुल चार्ज झाली की 80 च्या वर जाते. डीसी करंट 60 व्होल्टच्या पुढं गेला की अंगाला धोकादायक मानतात. कारमध्ये तर साधारण 300 ते 400 व्होल्ट असतात. कारमधल्या जाड नारंगी वायरी हीच त्याची खूण. प्रशिक्षण नसेल तर त्यांना हात लावायचाच नाही.

शॉकपेक्षा मोठा धोका शॉर्टसर्किटचा. लोखंडी पाना चुकून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला टेकला, तर क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो. ठिणगी उडते, पाना लालबुंद होतो, हात-डोळे भाजतात. 48 व्होल्टच्या बॅटरीतही हे होतं. म्हणून "एवढ्याशा बॅटरीनं काय होतंय?" हे म्हणणं महागात पडतं.

हात लावण्याआधी एवढं कराच

- अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा.
- चावी बंद करून खिशात ठेवा. नंतर एमसीबी पाडा आणि बॅटरीचा कनेक्टर काढा.
- लगेच वायरींना हात घालू नका. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ करंट साठून राहतो. थोडं थांबा, मल्टिमीटरनं तपासा, मगच काम करा.
- स्कूटर मेन स्टँडवर घ्या. गाडी आवाज न करता 'चालू' असते. ॲक्सिलरेटरला धक्का लागला तरी चाक गरकन फिरतं.
- इन्सुलेटेड पाने, रबरी हातमोजे आणि चष्मा वापरा. हातमोजे विजेच्या कामाचेच हवेत, फाटलेले नकोत.
- ई-रिक्षाची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. तिथं विडी-सिगारेट नको, हवा खेळती हवी. ॲसिड डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्यानं 15-20 मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.
- लिथियम बॅटरीचा पॅक गॅरेजमध्ये उघडू नका. आतला एक सेल जरी दाबला किंवा शॉर्ट झाला, तरी आग एका सेलवरून दुसऱ्यावर जाते.

बॅटरी फुगली, तापली, धूर आला तर?

फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. ती घर, गोठा, चारा यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. धूर निघू लागला की मात्र तिला उचलायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा. त्या धुरात विषारी वायू असतात. चार्जर लावलेला असेल तर शक्य झाल्यास आधी मेन स्विच बंद करा. अग्निशमन दलाला 101 किंवा 112 वर कळवताना "लिथियम बॅटरी आहे" असं आवर्जून सांगा. ही आग थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी पुन्हा भडकू शकते.

मालकानं काय बघावं?

देशात 2022 मध्ये ई-स्कूटरला आगी लागल्यावर केंद्रानं बॅटरीचे एआयएस-156 हे सुरक्षा नियम कडक केले. ते डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. पण गॅरेजमध्ये जोडजाड करून बसवलेल्या स्वस्त बॅटरीला या तपासणीचा आधार राहत नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा उकिरड्यावर देऊ नका. 2022 च्याच बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून विक्रेत्याकडेच द्या.

गॅरेजवर काम शिकणारी बहुतेक पोरं सतरा-अठराची असतात. उस्ताद जसा हात चालवतो तसाच ती चालवतात. हातमोजे आणि मल्टिमीटरचा खर्च एका दवाखान्याच्या बिलापेक्षा कमीच असतो. गाडी सोडताना "बॅटरी काढूनच काम करा, घाई नाही" एवढं मालकानं म्हटलं, तरी त्या पोराचा हात वाचेल.