दाबाच्या पाण्याचे यंत्र

मोटारी धुण्यासाठी विजेवर चालणारे जे प्रेशर वॉशर अलीकडे पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांत रविवारी सकाळी घरघरताना ऐकू येते, त्याच्याविषयीची एक समजूत आरंभीच दूर केलेली बरी. कारण त्या यंत्राची निवड, वापर आणि निगा या तिन्ही बाबतींत जी हयगय होते तिचे मूळ बहुधा त्या समजुतीतच सापडते. पंप दाब उत्पन्न करतो, अशी ती समजूत. वस्तुतः पंप पाणी पुढे ढकलण्यापलीकडे काही करीत नाही. मिनिटाला सहा-सात लिटर पाणी मागून घ्यावे आणि तेवढेच पुढे द्यावे, एवढाच त्याचा कारभार. दाब निर्माण होतो तो त्या पाण्याला नोझलच्या जेमतेम मिलिमीटरभर व्यासाच्या छिद्रातून वाट काढावी लागते म्हणून. छिद्र झिजून किंचित मोठे झाले की पंप अगदी धडधाकट असूनही मारा मंदावतो. छिद्रात वाळूचा एखादा कण अडकला की धार फाटते आणि गन हाताला हिसके देऊ लागते. उलट मागून पाणी कमी आले, तर पुढे कितीही उत्तम नोझल लावले तरी उपयोग शून्य. मालकाची दृष्टी बहुधा लान्सच्या, म्हणजे गनला जोडलेल्या लांब नळीच्या, टोकावर खिळलेली असते, कारण देखणे दृश्य तिथेच घडते. पण यंत्राचे आयुष्य ठरते ते मागच्या बाजूस, नळाच्या तोटीशी आणि विजेच्या बोर्डाशी.

यंत्राचा पूर्वेतिहास वाफेपासून सुरू होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात फ्रँक ओफेल्ट याने 1926-27 च्या सुमारास वाफेच्या जोराने ग्रीस आणि काजळी उडवणारे यंत्र सिद्ध केले आणि ते ‘हायप्रेशर जेनी’ या नावाने बाजारात आले. युरोपातील परंपरेचा मान आल्फ्रेड कार्शर या जर्मन अभियंत्याकडे जातो. त्याने 1935 मध्ये श्टुटगार्ट येथे जो कारखाना काढला, त्याचा व्यवसाय विजेने तापणारी औद्योगिक उपकरणे बनवण्याचा होता. धुलाईशी त्याचा काही संबंध नव्हता. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या वाफेच्या धुलाईयंत्रांची दुरुस्ती त्याच्याकडे आली, आणि त्या अनुभवातून 1950 मध्ये गरम पाण्याचे, उच्च दाबाचे युरोपातील पहिले धुलाईयंत्र तयार झाले. कार्शर 1959 मध्ये वारला. त्याच्या पश्चात कारखान्याची सूत्रे त्याची पत्नी इरेने हिने सांभाळली. ज्या श्वाबेन प्रांतात जिना आणि अंगण झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने शेजाऱ्यांत फिरवण्याचा शिरस्ता आजही पाळला जातो, त्याच प्रांतातून हे यंत्र जगभर गेले, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते. पुढे 1980 मध्ये रिओ येथील ख्रिस्ताचा पुतळा आणि 2005 मध्ये माउंट रशमोरवरील चार राष्ट्राध्यक्षांची मुखे याच कारखान्याच्या यंत्रांनी धुतली गेली. तथापि सामान्य गृहस्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1984 होय. त्या वर्षी घरगुती वापरासाठी हाताने उचलून नेता येईल असे यंत्र त्यांनी विक्रीस आणले. आपल्याकडे आज दुकानांत जी पिवळी, निळी, लाल यंत्रे मांडलेली दिसतात ती सर्व त्याच कल्पनेची अपत्ये आहेत.

एखाद्या कारागिराने पंप उघडून टेबलावर मांडला असता तो जवळून पाहण्याची संधी मिळाली तर ती अवश्य साधावी. मोटरीच्या आसाला एक तिरपी चकती बसवलेली असते. चकती फिरते तशी तिची कललेली कड एकामागून एक तीन दट्ट्यांना आत दाबते आणि स्प्रिंग त्यांना पुन्हा बाहेर आणते. करंगळीएवढ्या जाडीचे, आरशासारखे घासलेले ते तीन दट्टे पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मस्तकातील तीन छिद्रांत सरकत असतात. प्रत्येकाला एक पाणी घेणारी आणि एक पाणी सोडणारी, अशा दोन झडपा. म्हणजे एकंदर सहा. इंडक्शन मोटर मिनिटाला 2,800 च्या आसपास फेरे घेते, तेव्हा प्रत्येक दट्ट्या सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा आत-बाहेर करतो, आणि तो इतक्या वेगाने सरकत असता त्याच्याभोवतीची रबराची सील शंभर बार दाबाचे पाणी मागे येऊ न देता धरून ठेवते. वाहनतळातील नळाला गच्चीवरच्या टाकीमुळे मिळणारा दाब, दहा मीटर उंचीस एक बार या हिशेबाने, दीड-दोन बारांच्या पुढे क्वचितच जातो. त्याचे शंभर बार करणाऱ्या या यंत्रातली सर्वांत नाजूक वस्तू ती सील होय, आणि तिचे वंगण व तिचा थंडावा दोन्ही वाहत्या पाण्यावरच अवलंबून असतात. पाण्यावाचून यंत्र मिनिटभर जरी चालले तरी सील भाजून निघते.

मोटरींचे दोन वर्ग आहेत. स्वस्त आणि हलक्या यंत्रांत कार्बनची मोटर असते. ती फार वेगाने फिरते, मोठा आवाज करते आणि तिचे कार्बन झिजले की बदलावे लागतात. इंडक्शन मोटर वजनाला जड, किमतीला चढी, परंतु आवाजाने सौम्य आणि दीर्घायुषी. आठवड्याला एक गाडी धुणाऱ्याला पहिली पुरेशी आहे. डीटेलिंगचा, म्हणजे गाड्या बारकाईने धुऊन चमकवून देण्याचा, व्यवसाय करणाऱ्याने दुसरीखेरीज विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला दाबाचा आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. प्रत्यक्ष कामाचा दाब आणि मिनिटाला किती लिटर पाणी, हे दोन आकडे बारीक अक्षरांत शोधून वाचावेत. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजेच यंत्राची खरी शक्ती, आणि ती मोटरीच्या वॅटपेक्षा अधिक असणे शक्य नाही. 1,400 वॅटच्या यंत्रावर त्याहून मोठा गुणाकार छापलेला असेल तर तो खरा मानण्याचे कारण नाही.

मोटारीच्या रंगासाठी मोठा दाब मुळात लागतच नाही. शंभर बारांवर नोझलमधून सुटणारे पाणी सैद्धान्तिक हिशेबाने सेकंदाला 140 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने निघते, आणि ज्या पृष्ठावर ते सोडायचे त्या रंगाचा सर्वांत वरचा पारदर्शक थर जाडीने केसापेक्षाही कमी असतो. म्हणून रंगावर 25 किंवा 40 अंशांचे पंख्यासारखे पसरणारे नोझल वापरावे आणि ते पत्र्यापासून वीतभर तरी, शक्यतो दीड वीत, दूर धरावे. एकाच रेघेत सुटणारे शून्य अंशाचे नोझल आणि गरगर फिरणारे टर्बो नोझल रंगावर केव्हाही आणू नये. टायरच्या बगलेवर, रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांवर, पूर्वी रंगकाम झालेल्या भागाच्या कडेवर किंवा दगड लागून टवका उडालेल्या जागी जवळून मारा करणे म्हणजे नुकसानीस आमंत्रण.

मग या यंत्राचे खरे कार्य कोणते? हात लागण्यापूर्वी रेती काढणे, हे त्याचे कार्य. आपल्या शहरांत सकाळी एक बादली आणि एक फडके घेऊन पाच-सहा गाड्या पुसून जाणारा माणूस पाणी अत्यंत काटकसरीने वापरतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे बव्हंशी दगडाची भुकटी, आणि तीच भुकटी त्या फडक्यात अडकून रंगावर रोज गोल-गोल फिरवली जाते. उन्हात काळी गाडी तिरक्या नजरेने पाहिली असता जे असंख्य वर्तुळाकार बारीक ओरखडे चमकतात, ज्यांना डीटेलिंगवाले स्वर्ल मार्क म्हणतात, त्यांची उत्पत्ती हीच. दोष त्या कष्टाळू माणसाचा नाही; त्याच्या हाती दिलेल्या साधनांचा आहे. दाबाच्या पाण्याने प्रथम चाके आणि मडगार्डच्या आतला चिखल, नंतर टपापासून खालपर्यंत संपूर्ण गाडी धुऊन घ्यावी. मग फोमच्या बाटलीतून सौम्य, पीएच-उदासीन शाम्पूचा दाट फेस चढवून तो चार-पाच मिनिटे निथळू द्यावा, आणि वाळण्यापूर्वी उतरवावा. हे सर्व सावलीत, बॉनेट थंड असताना. एवढे झाल्यावरच मऊ हातमोजा घेऊन, एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत केवळ मोजा विसळण्याचे पाणी ठेवून, हलक्या हाताने काम करावे. डीटेलिंगमध्ये पुढे जे पॉलिश आणि कोटिंग येते, त्याचा खर्च वाजवी ठरतो तो या पहिल्या पायरीवर कसूर झाली नसेल तरच.

पाण्याच्या हिशेबाविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. मिनिटाला सहा लिटर घेणारे यंत्र एका गाडीसाठी प्रत्यक्ष दहा-बारा मिनिटे चालले तर साठ-सत्तर लिटर पाणी लागते. उघड्या नळीतून पाण्याची धार मोकळी सोडून देणाऱ्यापेक्षा हे निश्चित कमी, आणि बादली-फडक्यापेक्षा निश्चित अधिक. बेंगळुरू शहरात मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून 5,000 रुपये दंडाचे फर्मान निघाले होते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या प्रत्येक सोसायटीने स्वतःहून तसा निर्बंध घालून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवण्याची तजवीज असेल तर या यंत्राला त्याहून उत्तम पाणी नाही. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

क्षारांचा प्रश्न दख्खनच्या पठारावर गंभीर आहे. बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गाडीवर पांढरे डाग सोडते हे सर्वांना दिसते. पण तेच क्षार फोमच्या बाटलीतील तारांच्या बारीक जाळीत, नोझलच्या छिद्रात आणि पंपाच्या झडपांवर बसतात, ते दिसत नाही. फेस पातळ पडू लागला की शाम्पूला दोष देण्याआधी ती जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी. वापर संपताच बाटलीत साधे पाणी भरून ते गनमधून सोडावे. यंत्राच्या पाणी घेण्याच्या तोंडाशी नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. ती दर महिन्याला काढून पाहिली तर टाकीतला गाळ, शेवाळ आणि पाइपातल्या गंजाच्या खपल्या तिथे जमलेल्या आढळतात. ती जाळी फाटली तर नवी मिळेपर्यंत यंत्र चालवू नये.

पाणीपुरवठ्याची परीक्षा सोपी आहे. वीस लिटरची बादली नळाखाली धरावी. ती दोन मिनिटांच्या आत भरली तर नळ समर्थ आहे. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पंप उपाशी राहतो, त्याच्या पोटात पोकळीचे बुडबुडे फुटतात, घरघरीला खडखडाटाची जोड येते आणि झडपा-दट्ट्यांवर बारीक खड्डे पडू लागतात. गच्चीवर टाकीच्या शेजारीच गाडीची चटई धुऊ पाहणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी गनचा चाप दाबून साधे पाणी सलग वाहू द्यावे, आतली सर्व हवा निघून गेल्यावरच बटण दाबावे. मे महिन्यात काळ्या टाकीतील पाणी दुपारी चाळीस अंशांपर्यंत चढते. घरगुती यंत्रांची मर्यादा बहुधा तेवढीच असल्याने त्या दिवसांत काम पहाटेच आटोपावे, आणि सोलरचे पाणी तर कदापि जोडू नये.

विजेच्या बाबतीत हयगय प्राणांवर बेतू शकते. ओल्या फरशीवर उभे राहून चालवायचे हे यंत्र 1,800 वॅटचे असेल तर आठ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट, खात्रीची अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, रिळावरून ती पूर्ण उलगडावी आणि तिचा जोड पाण्यापासून उंचावर टांगावा.

चाप सोडताच मोटर आपोआप थांबते, ही या यंत्रातील एक सुरेख व्यवस्था. प्रवाह अडला की आतली झडप सरकते आणि तिला लागून असलेला छोटा स्विच वीज तोडतो. या व्यवस्थेचा निदानासाठीही उपयोग होतो. गन खाली ठेवली आहे, कोणी हात लावलेला नाही, आणि तरीही अर्ध्या मिनिटाने मोटर क्षणभर गुरगुरून पुन्हा थांबते, असे होऊ लागले तर दाब कुठून तरी पाझरतो आहे असे समजावे. बहुधा गनच्या किंवा पाइपाच्या जोडातील एखादा वायसर चिरलेला असतो. तो टोकदार काडीने अलगद काढून नवा बसवणे, आणि बसवण्यापूर्वी त्याला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावणे, एवढ्याने काम भागते. याकडे दुर्लक्ष केले तर स्विचचे तोंड सतत ठिणगी पडून जळते आणि किरकोळ दुरुस्तीची मोठी होते.

काम संपल्यावर नळ बंद, बटण बंद, आणि मग चाप दाबून पाइपातला दाब सोडून द्यावा. दाबाखाली फुगलेला पाइप तसाच गुंडाळून ठेवला की त्याला पीळ बसतो आणि पुढे तिथेच तो फुटतो. युरोपात हिवाळ्यात पंपातले पाणी गोठून त्याचे मस्तक तडकते. आपल्याकडे ते भय नाही, पण महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहिल्याने सील वाळतात आणि दट्टे चिकटतात. तेव्हा पावसाळ्यातही महिन्यातून एकदा यंत्र पाच मिनिटे चालवावे. बटण दाबल्यावर इंडक्शन मोटर फिरत नाही, केवळ हुंकार देते, असे झाल्यास ताबडतोब वीज तोडावी. एरवी वाइंडिंग जळते.

सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची आहे. पुष्कळ घरगुती यंत्रांचा पंप तेलासह सीलबंद करून दिलेला असतो, तो उघडण्याची सोयच ठेवलेली नसते, आणि सेवाकेंद्रात ‘पूर्ण पंप बदलावा लागेल’ असे सांगून नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक किंमत मागितली जाते. व्यावसायिक वर्गातील पंपांत, विशेषतः इटलीतील रेज्जो एमिलिया आणि मोदेना या भागांत बनणाऱ्या, पितळी मस्तकाच्या पंपांत, तेल बदलता येते, सहाही झडपा बाहेर काढता येतात आणि सीलचा संच स्वतंत्र मिळतो. तशी यंत्रे नेमाने दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालवणारे कारागीर आपल्या मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारपेठांत आहेत. दुकानात गेल्यावर बारचा आकडा विचारण्याआधी सीलचा संच, कार्बन आणि गनचे वायसर शिलकीत आहेत काय हे विचारावे, आणि असतील तर त्यांचा एक-एक जोड यंत्राच्याच पावतीवर घालून घ्यावा.