तुतारी कोणती, हे कोण सांगणार?

बीड लोकसभेचा 2024चा निकाल अवघ्या 6,553 मतांनी लागला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे जिंकले, भाजपच्या पंकजा मुंडे हरल्या. याच लढतीत एका अपक्षाला 54,850 मते पडली. त्याचे चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे नुसती तुतारी; सोनवणेंचे ‘तुतारी वाजवणारा माणूस’. पक्षाला हे चिन्ह मिळाले 22 फेब्रुवारीला आणि बीडचे मतदान होते 13 मेला. मतदारांची गफलत झाली, असे पक्षाचे म्हणणे. मतदान गुप्त असल्याने चुकलेली मते मोजता येणार नाहीत. पण साताऱ्यात हा पक्ष हरला, तिथे ट्रम्पेटवाल्या अपक्षाची मते पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती.

चिन्हाचीच अशी गफलत होत असेल, तर निवडणुकीच्या एवढ्या प्रचारातून मतदाराच्या डोक्यात शिल्लक काय राहते? अमेरिकेत 1972च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॅटरसन आणि मॅक्ल्युअर या संशोधकांना दिसले, की उमेदवारांच्या भूमिका लोकांना संध्याकाळच्या बातम्यांपेक्षा जाहिरातींतून अधिक कळल्या. बातम्यांत मिरवणुका आणि गर्दी. जाहिरातीत मात्र एकच मुद्दा, पुन्हा पुन्हा. पण तिचा असर टिकतो किती? टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या 2006च्या निवडणुकीत कोणत्या भागात जाहिरात कधी दाखवायची हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले आणि रोज फोनवर मतदारांचा कल विचारला. कल चांगलाच हलला, आणि आठवड्याभरात जवळजवळ पूर्ववत झाला.

टीव्हीवरच्या समोरासमोरच्या वादचर्चांची गत याहून फिकी. ल पेनेक आणि पोन्स या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या 56 चर्चा तपासल्या. त्या चर्चांमुळे मते फारशी बदललेली आढळली नाहीत. आपल्याकडे तर तीही सोय नाही. 7 मे 2024 रोजी बीडच्या प्रचारासाठी पंतप्रधानांची अंबाजोगाईत सभा झाली. दोनच दिवसांनी दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ संपादकांनी मोदी आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचे निमंत्रण धाडले. राहुल गांधींनी होकार दिला, पण चर्चा काही झाली नाही. टीव्हीवरच्या रोजच्या प्रवक्त्यांच्या हमरीतुमरीला मी चर्चा म्हणत नाही.

माझ्या मते मतदाराच्या सर्वाधिक कामाची जाहिरात वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालानंतर, ज्याच्यावर फौजदारी खटले चालू आहेत त्या उमेदवाराला त्यांचा तपशील वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावा लागतो. पुढच्या निवडणुकीत ती आतल्या पानावरची बारीक अक्षरे वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चिन्हाचे चित्र नीट दाखवून ठेवा.