वेबसाइटवर ठळक अक्षरं जरा जपून!

बेळगाव-निपाणीकडच्या वेबसाइट करणाऱ्या मंडळींनो, आपल्याकडे एकच मजकूर बऱ्याचदा मराठी, कन्नड आणि इंग्रजीत द्यावा लागतो. पण महत्त्वाचे शब्द उठून दिसावेत म्हणून इंग्रजीत वापरतात त्या युक्त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

🔹 कॅपिटल अक्षरं देवनागरीतही नाहीत, कन्नडमध्येही नाहीत. मग सगळा भार बोल्डवर येतो. पण लहान आकारात बोल्ड केलं की 'क्ष', 'द्ध' यांच्यातल्या मोकळ्या जागा बुजतात.

🔹 अधोरेषा उकारांवर आदळते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खालीच बसतो, तिथे तर आणखी गोंधळ. शिवाय वाचकाला ती लिंक वाटते.

🔹 बहुतेक देवनागरी फॉन्टना वेगळं इटॅलिक नसतं. ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी करतो.

🔹 अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते.

🔹 नुसत्या लाल रंगावर विसंबू नका, रंगांधळ्या वाचकाला तो फरक कळेलच असं नाही.

मग करायचं काय? कुंद्याच्या ऑर्डरचं पान असेल तर भाव आणि शेवटची तारीख एवढंच ठळक ठेवा. 'मुक्ता'सारख्या फॉन्टमध्ये सात जाडी मिळतात, त्यातली सेमीबोल्ड पुरते.

आज आपलं पान मोबाइलवर उघडा आणि फक्त ठळक शब्द वाचा. तेवढ्यातून मुद्दा कळत नसेल, तर निम्मं बोल्ड काढून टाका.