विंचेस्टरची मोहिनी आणि तिच्या खोडी

इंग्रजी बोलपटांतला काऊबॉय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. टोपी डोळ्यांवर ओढलेली, घोडा भरधाव, आणि हातात ती आखूड, सडसडीत रायफल. गोळी सुटते न सुटते तोच तो चापाखालची लोखंडी कडी झटक्यात खाली ढकलतो आणि तशीच वर ओढतो. खट्-खट् असा दुहेरी आवाज होतो, रिकामे काडतूस वर उडते आणि बंदूक पुन्हा तयार! १९५० साली जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ७३’ हा बोलपट निघाला. त्यात तर नायकाइतकेच महत्त्व या रायफलीला आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत जिंकलेली रायफल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरत जाते आणि तिच्यामागे सारी कथा. तो बोलपट पाहून आलेल्या कित्येक पोरांनी पुढे महिनाभर छत्रीच्या दांड्याने खट्-खट् केले असेल!

पण माझी या रायफलीशी ओळख पडद्यावरची नव्हे. माझा सारा जन्म अंबरनाथला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला आणि बिऱ्हाड बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. आमच्या इमारतीत तळमजल्यावर अण्णा राहत. त्यांचे वडील मुरबाडच्या बाजूला जंगलाचे ठेके घेत. त्यांनी १९३८ साली मुंबईत, फोर्टातल्या एका दुकानातून, एक जुनी विंचेस्टर घेतली होती. १८९२ च्या बनावटीची, ४४-४० काडतुसाची. वडिलांमागे अण्णांनी आपल्या नावावर परवाना करून घेतला. ती रायफल शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडलेली मी पाहिली आहे. म्हणून हे चार शब्द.

या यंत्राची मौज एका वाक्यात सांगायची तर, उजव्या हाताची मूठ जिथे असते तिथेच सारे काम होते. कडी म्हणजे एक तरफ. ती खाली गेली की नळीमागचा दट्ट्या मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो, जाता जाता मागचा घोडा चढवतो. तेवढ्यात नळीखालच्या दुसऱ्या लांब नळीतून एक ताजे काडतूस छोट्या पाळण्यात येऊन बसते. कडी वर आली की काडतूस नळीत शिरते आणि दार बंद. दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही की डोळा माशीवरून काढावा लागत नाही. डावखुऱ्या माणसालाही ती तितकीच सोयीची. बोल्टच्या रायफलीत डावखुऱ्याची जी तारांबळ होते ती इथे नाही. शिवाय अंगाने चपटी. बगलेत धरा, खोगिराला लटकवा, कुठे अडत नाही की टोचत नाही.

हिची वंशावळही गमतीची आहे. ऑलिव्हर विंचेस्टर हा गृहस्थ मूळचा बंदूकवाला नव्हे, सदऱ्यांचा कारखानदार! शिवणकामात कमावलेला पैसा त्याने बंदुकीच्या धंद्यात घातला. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० साली सोळा काडतुसे पोटात घेणारी रायफल सिद्ध केली. लष्करी शिपाई नळीच्या तोंडातून दारू ठासत होता, त्या काळातली ही गोष्ट. हेन्रीची काडतुसांची नळी मात्र खालून उघडी, त्यामुळे धूळमाती आत जाई. १८६६ साली नळी बंद झाली आणि बाजूला काडतूस सरकवायची स्प्रिंगची खिडकी आली. पुढे १८७३ ची प्रसिद्ध रायफल झाली. मग जॉन ब्राउनिंग या अलौकिक कारागिराने १८८६, १८९२ आणि १८९४ चे नमुने काढून दिले. त्यातल्या १८९४ च्या नमुन्याचे सत्तर लाखांवर नग खपले. शिकारी रायफलींत इतका खप क्वचितच कोणाचा असेल.

आता एक खुलासा. खाली तरफ दिसली की ती विंचेस्टर, असे समजू नये. इंग्रजी फौजेची १८७१ ची मार्टिनी-हेन्री हिलाही खाली तरफ असते, पण तिच्या पोटात साठा नाही. दर वेळी एकेक काडतूस हाताने घालायचे. आणि १८५७ चा धसका इतका, की गोऱ्या शिपायाला मार्टिनी मिळाली तरी हिंदी शिपायाला बरीच वर्षे तिच्या आधीची स्नायडर पुरवली गेली.

मग प्रश्न पडतो, इतकी झटपट चालणारी रायफल जगातल्या फौजांनी का उचलली नाही? गुण तर रणांगणात दिसले होते. १८७६ साली अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या तुकडीचा फडशा पडला. तेव्हा सरकारी शिपायांकडे एकबारी रायफली होत्या आणि रेड इंडियनांपैकी अनेकांकडे हेन्री व विंचेस्टर. १९८४ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा मातीतून निघालेल्या टरफलांनीच ही साक्ष दिली. पुढच्याच वर्षी, १८७७ साली, प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी दूरच्या माऱ्याला मार्टिनी जातीच्या रायफली वापरल्या आणि रशियन जवळ येताच विंचेस्टर. रशियनांचे हजारो पडले. सेनापतींनी त्यातून धडा घेतला, पण तो एवढाच की रायफलीच्या पोटात साठा हवा. तरफ त्यांनी नाकारली. का, ते समजायला बाहेर जायला नको. पलंगावर पालथे झोपा, हातात लाटणे घ्या आणि खाली कडी ढकलण्याचा आविर्भाव करा. हात गादीला आपटतो! शिपाई जमिनीला चिकटून लढतो, आणि ही रायफल म्हणते, आधी उठ.

दुसरी खोड अधिक घातक. पोटातल्या नळीत काडतुसे एकामागे एक आडवी झोपलेली असतात. मागच्याच्या गोळीचे नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे नेमके जिथे टोपी असते तिथे टेकलेले. विसाव्या शतकाच्या आरंभी अणकुचीदार गोळ्या आल्या. त्या हवा कापत दूर जातात. पण या नळीत अणकुचीदार गोळी म्हणजे टोपीवर टेकवलेला खिळा. एक धक्का बसला की पुढचे काडतूस पोटातच उडायचे! म्हणून हिच्या गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते, आणि चपटे नाक वाऱ्याशी झगडत लवकर थकते. ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यात नळीऐवजी पेटी घालून ही अडचण सोडवली. थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेच्या शिकारीला तीच नेली, आणि पहिल्या महायुद्धात रशियाने सुमारे तीन लाख नग घेतले. पण पेटी आली आणि तो चपटा बांधा गेला. अलीकडे, या शतकाच्या पहिल्या दशकात, टोकाला मऊ रबरासारखा पदार्थ लावलेल्या गोळ्या निघाल्या आहेत. दीडशे वर्षांनी का होईना, तोड निघाली म्हणायची.

तिसरी खोड मी स्वतः पाहिली. २६ जुलै २००५. उल्हास नदीने त्या दिवशी आमच्या भागात काय केले ते बदलापूरकरांना सांगायला नको. अण्णांच्या घरात कमरेइतके पाणी. कपाट पाण्यात, कपाटात रायफल. दोन दिवसांनी पाणी ओसरले तेव्हा वहिनी धान्यासाठी हळहळत होत्या आणि अण्णा रायफलीसाठी. ज्यांनी एन.सी.सी.त ३०३ हाताळली असेल त्यांना ठाऊक आहे, तिचा बोल्ट कोणत्याही हत्याराशिवाय बाहेर येतो. चिंधी फिरवली, तेल दिले, काम झाले. विंचेस्टरचे तसे नाही. आधी दस्ता काढा, मग घोडा, मग बारीक खुंट्या, मग दट्ट्याला कुलूप लावणारे दोन उभे खिळे, पाळणा, त्याच्या बाजूच्या पट्ट्या. आणि प्रत्येक सांध्यात उल्हासचा गाळ! परवाना अण्णांचा म्हणून हात त्यांचे. मी कंदील धरून नुसत्या सूचना करीत होतो. वीज नव्हती. तीन संध्याकाळी लागल्या. उघडायला अर्धी, जोडायला अडीच. पण एक कबूल केले पाहिजे. त्या जुन्या लोखंडाच्या घासलेल्या कडा, एकमेकांत बसणारे ते भाग, ब्राउनिंगचे डोके... आयुष्यभर टूलरूममध्ये काढलेल्या माणसालाही हात जोडावेसे वाटले.

त्याच वेळी वहिनींनी विचारले, “भावोजी, हिच्यात गोळ्या नाहीत ना?” प्रश्न लाखाचा होता. पेटीची रायफल रिकामी करायची तर पेटी काढून घ्यायची. विंचेस्टरच्या नळीत काडतूस बाजूच्या खिडकीतून आत जाते, पण त्या वाटेने परत येत नाही. कडी खाली-वर करीत प्रत्येक जिवंत काडतूस नळीच्या तोंडापर्यंत आणून बाहेर काढावे लागते. म्हणजे रिकामी करताना तीच रायफल आठ-दहा वेळा गोळीबाराच्या उंबरठ्यावर येते. आणि जुन्या नमुन्यांना वेगळे सुरक्षेचे बटण नाही. घोडा अर्ध्यावर ठेवायचा, एवढाच भरवसा. मुलाबाळांच्या घरात ही गोष्ट मला कधीच मानवली नाही. अण्णा ती नेहमी रिकामी ठेवीत, हे त्यांचे शहाणपण.

आपल्याकडे ती फारशी रुजली नाही याला हीच कारणे. जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्याने बोल्टची २७५ आणि दुनळी जवळ केली. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी ३१५ ची रायफल काढली. तीही लष्करी ली-एनफील्डच्या बोल्टवर बेतलेली, कारण ३०३ ठेवायला सामान्य माणसाला मनाई. आपल्याकडे ३१५, ३०-०६, २२ अशी काडतुसे बनतात. ४४-४० नाही. अण्णांकडे शेवटी अकरा काडतुसे उरली होती. आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर ती उडवायची तरी कशावर? बारवीच्या जंगलात आता माणसे सहलीला जातात.

अण्णा २०२२ मध्ये गेले. तेराव्याच्या आतच पुण्याहून आलेला मुलगा आईला म्हणाला, “आजोबांची विंचेस्टर आहे, मी ठेवतो. भिंतीवर काय शोभेल!” मला विचारले तेव्हा मी स्पष्ट सांगितले, “बाबा, ही तसबीर नव्हे. परवाना अण्णांचा होता, तो त्यांच्याबरोबर गेला.” १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारल्यावर वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला हवे तर त्याने स्वतःच्या नावाने रीतसर अर्ज करावा. तो मिळेल न मिळेल, आणि मिळाला तरी २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारांची मुभा. निवडणूक आली की पुन्हा ठाण्यात नेऊन ठेवण्याचे फर्मान यायचे, ते निराळेच. मुलगा दोन दिवस घुटमळला. वहिनींनी मात्र एका वाक्यात निकाल दिला, “तुझ्या आजोबांनी जंगलासाठी घेतली होती. तुझ्या फ्लॅटात कुठलं जंगल?”

रायफल ठाण्यात जमा झाली, पावती मिळाली, आणि वर्षभराने परवानगी घेऊन ती एका विक्रेत्याला दिली. त्याने कडी दोनदा खाली-वर केली. आवाज अजून तसाच खणखणीत होता. मग म्हणाला, “माल उत्तम, पण काडतूस कुठून आणायचं?” आणि किंमत सांगितली ती अशी, की तेवढ्यात बरी सायकलही येणार नाही. वहिनींनी घासाघीस केली नाही. अकरा काडतुसे ठाण्यात रायफलीबरोबरच मोजून दिली होती, कारण काडतुसे हीसुद्धा कायद्याच्या नजरेत हत्याराइतकीच जोखमीची. लोक नेमके हेच विसरतात. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत वहिनींच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या खाली, बारावे निघाले. हिरवट चढलेले, चपट्या नाकाचे. वहिनींनी ते रुमालात बांधले आणि आम्ही दोघे फराळाआधी पुन्हा ठाण्यावर गेलो. अंमलदाराने वजन करावे तसे ते तळहातावर झेलले आणि विचारले, “आजी, आणखी खण किती आहेत?”