पाकीट फोडल्यानंतर

भाचीने ऑनलाइन मागवलेलं पार्सल माझ्याच जेवणाच्या टेबलावर उघडलं. काळ्या शाईची बाटली, हातमोज्यांची एक जोडी, सरावासाठी रबरी कातडी आणि वीस सुया. सुया झिपच्या एका पिशवीत, सगळ्या सुट्या. "मावशी, मशीन नाहीच यात. नुसतं हाताने टोचायचं, आजीच्या गोंदणासारखं," ती म्हणाली.

या 'नुसतं'मध्येच घोळ आहे. हाताने टोचलेला टॅटू वरवरचा असतो आणि म्हणून मशीनपेक्षा निर्धोक, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपली बाह्यत्वचा सतत झडत असते. तिच्यात अडकलेला रंग काही आठवड्यांत तिच्याबरोबर निघून जातो. टॅटू टिकायचा तर रंग तिच्याखालच्या अंतस्त्वचेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, जावाच लागतो. तिथल्या भक्षक पेशी तो गिळून धरून ठेवतात, आणि त्या मेल्या की नव्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. २०१८ साली मार्सेयच्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवलं. त्याच थरात रक्तवाहिन्याही आहेत. मशीन सेकंदाला शंभर वेळा टोचत असेल आणि हात एकदाच, पण सुई पोचते ती एकाच ठिकाणी.

"आजीचं तर साठ-सत्तर वर्षं टिकलंय. तिला कुठे काय झालं?" हा पुढचा प्रश्न. माझ्या आईच्या हातावर, कोपराखाली, तुळशीवृंदावन आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. ती दहाएक वर्षांची असताना जत्रेत गोंदणारणीपुढे बसली होती. गोंदणारणीकडे दोऱ्याने घट्ट बांधलेल्या तीन-चार सुया आणि वाटीत काजळी. आईच्या आधी गावातल्या सहा-सात मुली त्याच सुयांनी, त्याच वाटीतून गोंदवून गेल्या होत्या. आईचं निभावलं. त्या रांगेतल्या कुणाला पुढे कावीळ झाली का आणि कशामुळे, याची नोंद कुणी ठेवली नाही. ज्यांचं निभावलं त्यांचेच हात आपल्याला दिसतात.

सुया बांधण्यात मात्र त्या बाईचं शहाणपण होतं, हे मान्य करायला हवं. गुळगुळीत एकट्या सुईवर शाई थांबत नाही, थेंब होऊन मागे सरकते. दोन-तीन टोकं चिकटून असली की मधल्या फटीत ती धरली जाते आणि टोचताना उतरते. आजची टॅटूची सुई हेच करते, फक्त दोऱ्याच्या जागी डाख आहे.

त्यामुळे 'सुई म्हणजे सुई, शिवणाचीही चालेल' हे साफ चूक. शिवणाची सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड. टॅटूच्या सुईतली तार ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर आणि टोकाकडे लांबवर निमुळती होत गेलेली. जाड सुई जास्त जोर मागते, आणि जोर लावला की ती नको तितकी खोल जाते. रंग चरबीत उतरतो आणि रेघेभोवती निळसर डाग पसरतो. तो पुसता येत नाही. इंजेक्शनची सुई निर्जंतुक मिळते म्हणून काही जण ती वापरतात. ती पोकळ असते आणि तिचं टोक तिरपं कापलेलं असतं. औषध आत सोडायला ती कातडीला बारीकशी चीर देते. ठिपक्याऐवजी चिरा पडतात.

सुई निवडताना पाकिटावरचा आकडा वाचावा. '१२०३ आरएल' असं असेल तर पहिले दोन अंक तारेची जाडी सांगतात: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन म्हणजे सुया किती, इथे तीन. आरएल म्हणजे राउंड लायनर, टोकं एकत्र आवळलेली, रेघेसाठी. आरएस म्हणजे राउंड शेडर, टोकं जरा सुटी, भरण्यासाठी. नवशिके बहुतेक वेळा सगळ्यात बारीक, एकच टोक असलेली सुई मागवतात. बारीक म्हणजे सोपी असा त्यांचा हिशेब. उलट एकटं टोक चटकन खोल शिरतं आणि हाताची थरथर जशीच्या तशी उमटवतं. पहिल्या रेघेला तीनची किंवा पाचची सुई जास्त सांभाळून घेते.

आता त्या झिपच्या पिशवीकडे येऊ. "नवीकोरी आहे, म्हणजे स्वच्छच ना?" नवी आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या गोष्टी. निर्जंतुक सुई एकेकटी बंद पाकिटात येते. पाकिटावर निर्जंतुक केल्याची पद्धत (बहुधा इथिलीन ऑक्साइड वायू, 'ईओ' असा ठसा), लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. पाकीट ओलसर झालं असेल, कुठे भोक असेल किंवा मुदत उलटली असेल, तर आतली सुई कितीही चकचकीत असो, फेकायची. सुट्या वीस सुयांवर यातलं काहीच नव्हतं.

मग लायटर पुढे आला. ज्योतीने टोकावर काजळी बसते आणि सुईचा बाकीचा भाग तसाच राहतो. स्पिरिटने पुसल्याने किंवा पाण्यात उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू त्यातून तगू शकतात. त्यांच्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस, किमान पंधरा मिनिटं. "कुकरमध्ये तीन शिट्ट्या?" भाचीने विचारलंच. दाबाच्या दृष्टीने कुकर फार लांब नाही, पण तापमान खरंच तिथवर गेलं का हे तो सांगत नाही, आणि झाकण काढून सुई उचलायची ती आपल्याच बोटांनी.

'सुई माझीच, मलाच टोचणार, मग पुन्हा वापरली तर काय?' यात दुसऱ्याच्या रक्ताची भीती नाही, हे खरं. पण वापरलेलं टोक बोथट होतं, ते कातडी फाडतं, आणि पाकिटाबाहेर आलेली सुई निर्जंतुक राहत नाही. शिवाय 'माझीच' सुई मैत्रिणीकडे जायला वेळ लागत नाही. लोक घाबरतात एचआयव्हीला. संसर्गित रक्ताची सुई टोचल्यावर तो होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची ६ ते ३० टक्के. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात किमान सात दिवस जिवंत राहतो. त्याची लस आहे. देशभरच्या बालकांच्या लसीकरणात ती २०११ च्या सुमारास आली, तेव्हा आज विशीत असलेल्यांनी आपली नोंद तपासून घ्यावी.

शाईबद्दल थोडक्यात: चित्रकलेची काळी शाई त्वचेसाठी नाही, आणि टॅटूची शाई नळाच्या पाण्याने पातळ करू नये. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये २०११-१२ साली, कारखान्यातून तयार आलेल्या करड्या शाईमुळेच डझनाहून अधिक जणांच्या त्वचेला क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदाचा संसर्ग झाला होता. सुयांचा त्यात दोष नव्हता.

भाची रबरी कातडीवर सराव करायला बसली. हातमोजे घातले, चार ठिपके दिले, फोन वाजला. सुई बशीत ठेवली, मोज्याच्याच हाताने फोन उचलला, कानाला लावला, बोलून झालं, तोच हात पुन्हा सुईला. तिच्या लक्षातही आलं नाही. मी तिला परत फोन करून तेवढंच सगळं पुन्हा करायला लावलं, या वेळी बोटाला शाई फासून. फोनची काच, कान, केस, शाईच्या बाटलीचं झाकण, सगळीकडे काळे ठसे. जिथे शाई लागते तिथे रक्तही लागतं, एवढंच मी म्हणाले.

अजून एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती कॉलेजच्या शिबिरात दर वर्षी रक्त देते. टॅटू केल्यावर आपल्याकडच्या रक्तपेढ्या बारा महिने रक्त घेत नाहीत, स्टुडिओतला असो की घरचा.

सुट्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. त्या पिशव्या सकाळी उघड्या हातांनी वेगळ्या करणारी बाई आमच्या सोसायटीत रोज येते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार दवाखान्यांना सुया पांढऱ्या, टोक आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकाव्या लागतात. आमच्याकडे तसा डबा नव्हता. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घेतली, सुया आत टाकल्या, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली आणि 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी ती आपल्या डब्यात घेतली. बंद पाकिटातल्या दहा सुया भाचीने दुसऱ्या दिवशी मागवल्या. त्या आल्यावर आधी मुदत वाचली, मग मला फोटो पाठवला.