तासावरचे गुरुजी

येलदरीच्या धरणाजवळ राहणाऱ्यांना ‘रोजंदारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मस्टरवर नाव असेल तर मजुरी, नसेल तर हात रिकामे. पण शिक्षक घडविणाऱ्या कित्येक प्राध्यापकांचीही आज हीच गत आहे. त्यांच्या नेमणुकीला ‘घड्याळी तासिका’ म्हणतात. वर्गात जितके तास घेतले, तितक्यांचाच मोबदला.

यात बी.एड.चे नुकसान अधिक होते, ते का, हे पाहू. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व त्यांतील २० आठवडे शाळेतील अनुभवासाठी ठेवले. भावी शिक्षकाचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहणे, त्याचे टाचण तपासणे, चूक एकांतात दाखविणे, हेच तेथले खरे शिकविणे. ते तासाच्या हिशेबात मावत नाही. म्हणूनच त्या नियमांनी दोन्ही वर्षांच्या मिळून २०० विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक सांगितले.

पाहुणा अध्यापक नकोच, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या कसलेल्या मुख्याध्यापकाने येऊन चार तास द्यावेत, त्यात लाभच आहे. पण पाहुण्यांच्या जिवावर घर चालत नाही.

१९६७ च्या कालेलकर निवाड्याने पाटबंधारे खात्यातील रोजंदारी कामगाराला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नियमित होण्याची वाट दिली. फावड्याला मिळालेला न्याय खडूला का मिळू नये? उद्या आपल्या मुलांपुढे उभे राहणारे गुरुजी याच वर्गांतून येणार आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.